‘अर्धी माद्र’ व्हायचं का?

मावशी, नमस्कार.

मी मूळची वसईची. लग्न होऊन गोव्याच्या सासष्टीतल्या एका गावात आले त्याला बावीस वर्षं झाली. बँकेत होते, दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगी पुण्याला शिकते, नवरा वेर्ण्याला कारखान्यात सुपरवायझर आहे. सासूबाईंना अर्धांगवायू झालाय, त्या अंथरुणावर आहेत. जुन्या गोव्यात गेल्या वेळी संत फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन झालं तेव्हा मी स्वयंसेविका होते. तिथे फ्रान्सिस्कन परंपरेतल्या एका संघाच्या सिस्टरांशी ओळख झाली. त्यांचा वृद्धाश्रम आमच्यापासून जवळ. मी शनिवारी जाऊन त्यांचे हिशेब लिहू लागले. आता मंगळवारी आणि गुरुवारीही जाते. मला तिथे फार बरं वाटतं. मदर म्हणतात, ‘तू आमच्या संघाची प्रापंचिक सहकारी हो, ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसच्या फेस्ताला वचन दे.’ नवरा म्हणतो, ‘आता अर्धी माद्र, म्हणजे मठातली सिस्टर, व्हायचीच राहिलीस!’ सासूबाई म्हणतात, आपण कॉन्फ्रारीत, गावच्या चर्चच्या मंडळात, आहोत ना, मग हे नवीन कशाला? एक मैत्रीण म्हणते, जायचं तर थर्ड ऑर्डरमध्ये जा. संसारी बाईला हे सगळं करता येतं का? पैसे द्यावे लागतात का? इथे सगळं कोंकणीत, तेही रोमी लिपीत चालतं, आणि मी अजून मराठीतच प्रार्थना करते. काय करू?

— एक वाचक, सासष्टी

बाय,

शनिवार. मग शनिवार आणि मंगळवार. मग शनिवार, मंगळवार आणि गुरुवार. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा याच ओळीवर अडले. तू ती सहज लिहून पुढे गेलीस. तुझ्या नवऱ्याने मात्र ते दिवस मोजले असणार.

तू तिथे काय करतेस ते मी न पाहताही सांगते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो. त्यात औषधांची बिलं, गॅसच्या पावत्या, देणगीच्या पाकिटांवर पेन्सिलीने लिहिलेले आकडे, मासळीवालीची तारीख नसलेली चिठ्ठी. तो डबा तुझ्यासमोर उपडा होतो, सिस्टर चहा आणून ठेवते आणि दोन तासांत सगळं ओळीने लागतं. जमा एवढं, खर्च एवढा, शिल्लक एवढी. बँकेतून उठून आलेल्या बाईला यात केवढं सुख असेल! घरी अंथरुणापाशी दिवसभर जे चालतं, कूस बदलायची, चादर बदलायची, भरवायचं, पुन्हा कूस बदलायची, त्याची शिल्लक काही हाताला लागत नाही. डब्याची लागते. तेव्हा ‘तिथे फार बरं वाटतं’ हे तू लिहिलंस ते खरंच आहे. फक्त ते बरं वाटणं देवाच्या बोलावण्याचं किती आणि जुळलेल्या बेरजेचं किती, हे तुला अजून ठाऊक नाही. मलाही नाही. दोन्ही असू शकतं. पण ४ ऑक्टोबरपर्यंत ते कळणार नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

आधी सोपे प्रश्न उरकू.

संसारी बाईला हे करता येतं का? येतं, आणि आठशे वर्षं येतंय. असिसीचा फ्रान्सिस गावोगाव बोलत फिरायचा तेव्हा नवरा-बायका, सुतार, दुकानदार सगळे त्याच्यामागे निघायला लागले. सगळ्यांनी घरं सोडली असती तर गावं ओस पडली असती. म्हणून राहत्या घरी, आपापल्या धंद्यात राहून जगता येईल असा नियम लागला, आणि तो १२२१ मध्ये लिहिला गेला. पहिला संघ फ्रायरांचा, म्हणजे संन्यासी बंधूंचा, दुसरा संत क्लारा आणि तिच्या मठातल्या बहिणींचा, आणि तिसरा घरादाराच्या माणसांचा. थर्ड ऑर्डर हे नाव त्यातूनच आलं. त्या तिसऱ्या संघाने आश्रयदाते म्हणून कुणाला धरलंय? एक फ्रान्सचा राजा नववा लुई, अकरा मुलांचा बाप. दुसरी हंगेरीची एलिझाबेथ, तीन मुलांची आई आणि विसाव्या वर्षी विधवा झालेली. सिएनाच्या कॅथरिनला तर सगळे तिच्या झग्यामुळे मठातली समजतात. ती डॉमिनिकनांच्या तिसऱ्या संघातली, भावंडांच्या गोतावळ्यात, आईबापांच्या घरात राहून प्रार्थना करणारी मुलगी होती.

‘अर्ध्या माद्री’वर मात्र नवऱ्याला आपल्याकडचंच उदाहरण दे. आमच्या कुंपणापलीकडे एक आजोबा होते, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी, आषाढीला पंढरपूर, मासळी वर्ज्य. गोव्यात राहून मासळी वर्ज्य म्हणजे काय, ते तुला सांगायला नको! बाकी भाताचं शेत, चार मुलं, मुंडकाराचा वर्षानुवर्षं चाललेला दावा, सगळं जागच्या जागी. त्यांना कुणी ‘अर्धे संन्यासी’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. माळ घातल्याने त्यांचा संसार सुटला नव्हता, तो कसा करायचा ते ठरलं होतं. दाव्याच्या तारखेला वकिलाने खोटं बोलायला सांगितलं तर ते नुसता माळेला हात लावायचे आणि वकील कपाळाला.

आणखी एक. हे तुझ्या नवऱ्याने विचारलेलं नाही, पण बहुतेक नवऱ्यांच्या मनात असतं. सिस्टर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची व्रतं घेतात. प्रापंचिक माणूस ती व्रतं घेत नाही, तो वचन देतो. सेक्युलर फ्रान्सिस्कन, म्हणजे आजची थर्ड ऑर्डर, शुभवर्तमानाप्रमाणे, म्हणजे येशूच्या शिकवणुकीप्रमाणे, जगायचं वचन देते. कार्मेल परंपरेतले प्रापंचिक पवित्रतेचंही वचन देतात खरं, पण ते ज्याच्या-त्याच्या आयुष्याच्या स्थितीला धरून. विवाहित माणसाची पवित्रता म्हणजे आपल्या जोडीदाराशी एकनिष्ठ राहणं. वेगळी खोली करायची नसते. हे त्याला स्पष्ट सांग, निम्मा राग तिथेच उतरेल.

आता जरा गुंत्याचं. तुझ्या पत्रात तीन गोष्टी एकात एक मिसळल्यात, आणि तुझ्याभोवतीच्या माणसांनीही त्या मिसळल्यात.

सासूबाई म्हणतात ती कॉन्फ्रारी गावाची. फेस्त, मिरवणूक, मयत. पांढरा झगा, त्यावर लाल नाहीतर निळा खांद्यावरचा कपडा, हातात मेणबत्ती. ती बहुधा घराण्यातून चालत येते, आणि कोण कुठल्या कॉन्फ्रारीत यावरून आपल्याकडे जातीचं काय काय घडलं ते सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तो विषय आज नको. कॉन्फ्रारी चांगलीच आहे, तिच्यात राहा. चर्चच्या कायद्याने एका माणसाला एकाहून जास्त मंडळांत राहता येतं.

मैत्रीण म्हणते ती थर्ड ऑर्डर. हिचा स्वतःचा नियम आहे, सध्याचा १९७८ मध्ये सहाव्या पॉल पोपनी मंजूर केलेला. हिचं मंडळ प्रापंचिकच चालवतात. मिनिस्टर नावाचा प्रमुख आणि त्याची समिती सदस्य स्वतः निवडतात, दर तीन वर्षांनी. फ्रायर असतो तो आध्यात्मिक साहाय्यक म्हणून, मालक म्हणून नाही. आत जायचं तर आधी काही काळ ओळखीचा, मग निदान एक वर्षाचं शिक्षण, मग वचन. ते वचन कायमचं असतं. कुणाला अजून वेळ हवा असेल तर तात्पुरतं देऊन वर्षागणिक नवं करता येतं, पण तेही तीन वर्षांपलीकडे ताणता येत नाही. आणि इथे कॉन्फ्रारीसारखं नाही: ज्याने दुसऱ्या एखाद्या संन्यस्त कुटुंबाशी कायमची बांधिलकी पत्करली आहे त्याला इथे येता येत नाही. म्हणजे घाईत एकीकडे कायमचं वचन देऊन बसलीस तर दुसरं दार बंद होईल.

आणि मदर म्हणतात ती तिसरी गोष्ट, सिस्टरांच्या संघाची प्रापंचिक सहकारी. ही आपल्या काळातली. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लिहून ठेवलं की पावित्र्याचं बोलावणं सगळ्यांना आहे. सिस्टरांना पहिल्या वर्गाचं तिकीट आणि आपल्याला जनरल डबा, असं नाही. त्यानंतर कितीतरी संघांना वाटू लागलं की आपल्या संस्थापकाला मिळालेलं कृपादान मठाच्या भिंतीत मावणारं नाही, ते संसारी माणसांशी वाटून घेता येतं. १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल पोपनी व्रतस्थ जीवनावरच्या आपल्या पत्रात हे मान्य केलं, आणि २०१४ मध्ये व्रतस्थ जीवनाचं वर्ष सुरू झालं तेव्हा पोप फ्रान्सिसनी सिस्टर-फादरांच्या बरोबरीने प्रापंचिकांनाही उद्देशून लिहिलं. तेव्हा मदर काही मनचं बोलत नाहीत. पण इथे सगळीकडे एकच नियम नसतो. प्रत्येक संघ आपापलं ठरवतो. काही ठिकाणी दोन-तीन वर्षांचं शिक्षण, लेखी नियम, दरवर्षी नवं करायचं वचन असं नीट बांधलेलं असतं. काही ठिकाणी फेस्ताच्या मिसेत एक मेणबत्ती, एक प्रार्थना आणि फोटो.

मी थर्ड ऑर्डरमध्ये आले ती आधी अशाच एका मेणबत्तीतून हात पोळून. कुठल्या संघाची ते विचारू नकोस. मला वचन द्यायला लावलं तेव्हा संस्थापिकेचं चरित्रही मी पुरतं वाचलं नव्हतं. पुढची तीन वर्षं माझ्या वाट्याला काय आलं? फेस्ताचा सान्ना-सोर्पोतेलचा स्टॉल, बक्षिसांच्या कुपनांचं पुस्तक आणि सिस्टरांना दाबोळी विमानतळावर सोडायला आमच्या ह्यांची गाडी. मला वाटायचं यालाच मिशन म्हणतात. चौथ्या वर्षी ह्यांचं ऑपरेशन झालं, मी स्टॉलला नाही म्हटलं, आणि फोन यायचा थांबला. कुणी वाईट नव्हतं गं. त्यांना माणसं कमी पडत होती एवढंच. पूर्वी एकेका घरातून दोन-दोन मुली मठात जायच्या, आता घरात मुलंच एक नाहीतर दोन. आश्रम तोच, म्हातारे वाढलेले, हात घटलेले. ती गरज खरी आहे आणि तिला मदत करणं पुण्याचंच आहे. पण मदतनीस हवा असेल तर ‘मदतनीस हवी’ असं म्हणावं. त्याला बोलावण्याचं नाव दिलं की मग नाही म्हणणाऱ्या बाईला वाटतं आपण देवालाच नाही म्हटलं.

म्हणून पहिलं काम हे कर: डबा आणि वचन वेगळं कर. येत्या शनिवारी मदरना सांग, हिशेब मी आठवड्यातून एकदाच लिहीन, फक्त शनिवारी. आणि पुढचे दोन-तीन महिने बघ. तू हिशेबाला येत नाहीस त्या दिवशी तुला कुणी प्रार्थनेला बोलावतं का? संस्थापिकेबद्दल, तिने हा संघ कशासाठी काढला त्याबद्दल, तुझ्या घरच्या म्हातारीबद्दल कुणी तुझ्याशी बोलतं का? बोलावलं, बोललं, तर माझा संशय खोटा ठरला, आणि मला आनंदच होईल. बऱ्याच सिस्टर तशा असतात. उगीच सगळ्यांना एका मापाने मोजायला नको.

मदरना आणखी दोन-तीन गोष्टी विचार. संकोच करू नकोस, बँकेत कर्जाचे कागद वाचल्याशिवाय सही करू देत होतीस का कुणाला? सहकाऱ्यांसाठी संघाचा लेखी नियम आहे का? असेल तर घरी आणून वाच. वचन किती काळाचं? सोडायचं झालं तर कुणाला सांगायचं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, या मदरची बदली झाली तर पुढे काय? बदली होणारच, मठात सुपिरियर काही वर्षांनी बदलतात. आज तू संघाशी जोडली जाते आहेस की या एका प्रेमळ बाईशी, हे नवीन मदर आल्यावरच उघड होतं. माझ्या बाबतीत झालं.

मग संघाच्या आध्यात्मिकतेत सहभागी होणं म्हणजे असतं तरी काय, असं तू विचारशील. थर्ड ऑर्डरच्या आमच्या मंडळात मी गेले त्या वर्षी एक पोदेर, म्हणजे पाववाला, होता. आता नाही तो. पहाटे दोनला उठून भट्टी पेटवायची, साडेपाचला सायकलीवर टोपली बांधून भोंपू वाजवत तीन वाडे फिरायचे, उंडे, पोळी, कांकणं. आमची सभा महिन्याच्या तिसऱ्या आयतारी, म्हणजे रविवारी, दुपारी. तो यायचा, मनगटाच्या केसांत पीठ तसंच, मागच्या बाकावर बसायचा आणि स्तोत्रं सुरू झाली की पाचव्या मिनिटाला झोपायचा. घोरायचाही. मी नवीन, मला हसू आवरेना. आमच्या मिनिस्टरबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा हसले नाही. त्याला कुणी उठवत नसे. सभा संपली की कुणीतरी खांद्याला हात लावायचं आणि तो म्हणायचा, ‘आमेन.’ त्या पोदेराकडे दोन वह्या होत्या. एकीत उधारी लिहायचा. दुसरीत ज्यांच्याकडून उधारी मागायची नाही त्यांची घरं, कारण विसरून मागितली जायची आणि मग त्याला रात्री झोप लागायची नाही. घरमालकिणींना दुसऱ्या वहीचा पत्ताच नव्हता. त्यांना वाटायचं, पोदेर विसरभोळा आहे. हे मला त्याच्या बायकोने सांगितलं, तेही तो गेल्यावर.

त्याने कधी कुठल्या मठाचा स्टॉल लावला नाही. भट्टी सोडून त्याला वेळ कुठे होता? आमच्या नियमात एक वाक्प्रयोग येतो, शुभवर्तमानाकडून जीवनाकडे आणि जीवनाकडून शुभवर्तमानाकडे. मी तो वाचून दाखवायचे तेव्हा तो झोपलेला असायचा.

तू हिशेबातली बाई आहेस म्हणून तुला ही वह्यांची गोष्ट सांगितली.

सासूबाईंना आणि नवऱ्याला मिशनचं काही सांगायचं झालं तर तुमच्या सासष्टीतलंच सांग. बाणावलीचा संत जोसेफ वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेत उतरला तेव्हा तिथे किनाऱ्यावर डचांचं राज्य होतं आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी. हा ऑरेटोरियन पाद्री भिकाऱ्याच्या वेषात, गळ्यात जपमाळ घालून दारोदार फिरला, कुणाची नजर त्या माळेवर थबकते ते बघत. ज्यांची थबकली ती घरं, पाद्री नसताना इतकी वर्षं प्रार्थना टिकवून बसलेली. पुढे त्याला एका जागी राहणं शक्यच नव्हतं. मग गावोगाव त्याने संसारी माणसांवरच भिस्त ठेवली. मुप्पु म्हणजे वडीलधारा प्रमुख, अण्णावी म्हणजे मुलांना शिकवणारा, प्रार्थना चालवणारा. पाद्री वर्षाने येणार, तोवर सगळं त्यांच्या हाती. ते कुठल्या मठात राहत नव्हते.

आणि इथलंच दुसरं. गोवा वेल्हाला लेंतीच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पाचव्या आयतारानंतरच्या सोमवारी संतांची मिरवणूक निघते, ती तू पाहिली असशील. ती मुळात फ्रान्सिस्कनांच्या तिसऱ्या संघाची. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले मठ बंद केले, पिलारच्या टेकडीवरचे फ्रायरही गेले. संतांचे पुतळे मात्र आजही गावकऱ्यांच्या खांद्यावरून निघतात. जमलं तर या वर्षी नवऱ्याला घेऊन जा. मिरवणुकीला नाही आला तर फेरीतल्या, म्हणजे जत्रेतल्या, खाज्यांसाठी येईल.

भाषेचं म्हणशील तर मनाला लावून घेऊ नकोस. मी बांद्याची, मराठी शाळेत शिकले, आणि रोमी वाचताना अजून अडखळते. सभेत सगळ्यांबरोबर कोंकणी म्हणते, घरी मराठी. वसईची प्रार्थनेची पुस्तकं तुझ्याकडे असतीलच, तीच वापर. याच सासष्टीत, राशोलला, १६१६ मध्ये जेझुइट फादर स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली ती इथल्या संसारी माणसांसाठीच. मराठीतल्या प्रार्थनेला गोव्यात कुणी परकं म्हटलं तर त्याला ते साल सांग.

पैशाचं तर त्याहून सोपं. आमच्या नियमात ज्याने-त्याने ऐपतीप्रमाणे वर्गणी द्यावी एवढंच आहे. ठरावीक फी घेऊन कुणी सभासद करत असेल तर पत्ता चुकलाय असं समज.

आता नवरा.

तुला आवडणार नाही, पण मी थोडी त्याच्या बाजूने आहे. तेराव्या शतकातल्या नियमात नवऱ्याची संमती असल्याशिवाय बायकोला तिसऱ्या संघात घ्यायचं नाही, असं कलमच होतं. आज ते नाही, आणि नाही तेच बरं. त्याची परवानगी मागू नकोस. पण त्याला माहीत तरी हवं ना? तू मंगळवारी कधी जायला लागलीस, गुरुवारी कधी, हे त्याला तू सांगितलंस की त्याने रिकाम्या घरात येऊन शोधून काढलं? तू गेल्यावर सासूबाईंची कूस कोण बदलतं? पत्रात हे लिहिलं नाहीस म्हणून विचारते. बाई ठेवली असेल तर तिचे पैसे, शेजारीण बघत असेल तर तिचे उपकार, आणि तो स्वतः पाळी बदलून येत असेल तर त्याची झोप, हे सगळं तुझ्या वृद्धाश्रमातल्या सेवेच्या हिशेबात खर्चाच्या बाजूला पडतं. बँकवाली आहेस, तुला नोंद कुठे करायची ते मी काय सांगणार!

१९७८ च्या त्या नियमात कुटुंबावर वेगळा परिच्छेद आहे: शांती, निष्ठा आणि जीवनाचा आदर आधी घरात. म्हणजे कुठलाही फ्रान्सिस्कन संघ तुला शिकवायला लागला की पहिल्याच वर्षी तुझ्याच घरातल्या खाटेशी आणून सोडणार. अनोळखी म्हाताऱ्यांची सेवा करणं सोपं असतं, त्यांनी आपल्याला लग्नाच्या पहिल्या वर्षी टोमणे मारलेले नसतात.

याचा अर्थ तू सासूबाईंपाशी बसून राहावं आणि मन मारावं असा घेऊ नकोस. तुला काहीतरी हाक ऐकू आली आहे, हे मला पत्रात दिसतं. नुसत्या हिशेबासाठी कुणी ‘फार बरं वाटतं’ असं लिहीत नाही. ती हाक खरी असेल तर वर्षभर थांबल्याने मरत नाही. खोटी असेल तर वर्षभरात आपोआप बसते, आणि वचन न दिल्यामुळे कुणाचं काही बिघडलेलं नसतं. संघांनी शिक्षणाचा काळ ठेवलाय तो याचसाठी, मधेच उठून जाता यावं म्हणून.

तेव्हा या ४ ऑक्टोबरला वचन देऊ नकोस. फेस्ताला जा, मिसेला बस, सिस्टरांबरोबर जेव. आदल्या संध्याकाळी, ३ तारखेला, फ्रान्सिसच्या मृत्यूची आठवण म्हणून प्रार्थना होते. १२२६ मध्ये त्याच संध्याकाळी तो गेला, जमिनीवर निजवा म्हणून सांगून. ती चुकवू नकोस, मला स्वतःला फेस्तापेक्षा तीच आवडते. मदरना म्हण, मला एक वर्ष द्या. चांगली मदर असेल तर लगेच हो म्हणेल. रागावली तर तेही तुला कळून जाईल.

दरम्यान थर्ड ऑर्डरच्या एखाद्या मंडळात पाहुणी म्हणून जाऊन ये. फ्रायरांच्या कुठल्याही मठात विचारलंस तर जवळचं मंडळ सांगतील. पहिल्या दिवशी तुला कंटाळा येईल, आधीच सांगते. सात-आठ बायका, दोन पुरुष, कुरकुरणारा पंखा, आणि कुणीतरी मागच्या सभेचं इतिवृत्त अतिशय सावकाश वाचत असेल. दुसऱ्या वेळीही जा.

आमच्याकडे सभा तिसऱ्या आयतारी दुपारी साडेतीनला असते, शित-कडी जेवून सगळं गाव झोपलेलं असतं तेव्हा. इतर मंडळांचीही साधारण महिन्यातून एकदाच. नवऱ्याला सांग, महिन्यातून एका आयतारी दोन तास तू आईपाशी बस, मी जाऊन येते. मंगळवार आणि गुरुवार त्याला परत दिल्यावर हे मागणं जड नाही. तरीही तो नाही म्हणाला तर मला पुन्हा लिही. त्या पत्राचं उत्तर वेगळं असेल, आणि ते मी त्याच्या नावाने लिहीन.

— मावशी